आंघोळ न घातलेली पेटी

थोरली ज्या कचेरीत काम करायची तिथे मशीनला रोज सकाळी आंघोळ घालायची पद्धत होती. पाण्याची नव्हे. मशीन बंद करायचं, चहा पिऊन यायचं आणि पुन्हा चालू करायचं, याला तिथले लोक आंघोळ म्हणत. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याच्या पोटात जो काही कचरा करून ठेवलेला असे तो धुऊन निघे, आणि चाचणीला कोरं करकरीत मशीन मिळे. हे काम लंबूकडे होतं. लंबू म्हणजे तिथला चाचणीवाला. दारातून येताना मान वाकवावी लागायची म्हणून पडलेलं नाव. कोणाचं काही अडलं की तो जागेवरून न उठता विचारायचा, "आंघोळ घातली का?" घातली की अडलेलं बहुधा सुटायचं, आणि एकदा सुटलं की ते मुळात अडलं का होतं हे विचारत बसायची तसदी कोणी घ्यायचं नाही. संगणकवाली माणसं अशीच असतात. दुखणं पळालं की ते कसलं होतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

कचेरी पेट्या बनवणाऱ्या कंपनीची होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिचा मेंदू इथे तयार व्हायचा. आत ऊब किती, दमटपणा किती, बाळाचं अंग किती गरम, हीटर कमी करायचा की वाढवायचा, हे सगळं तो मेंदू ठरवायचा. थोरलीचं काम त्याच्याही तळाशी, ज्याला कर्नेल म्हणतात तिथे होतं. पाहुण्यांनी भरलेल्या घरातली कर्ती बाई डोळ्यांसमोर आणा. कोणाला कुठे पथारी द्यायची, कोण गेलं, कोणाची जागा मोकळी झाली, हे सगळं तिच्या डोक्यात असतं, आणि घोळ होईपर्यंत तिचं नावही कोणी काढत नाही. कर्नेल मेमरीच्या बाबतीत हेच करतं. थोरली बरीच वर्षं या कर्त्या बाईची देखभाल करत होती आणि आपल्या कामावर खूश होती. घरच्यांना मात्र ती नेमकं काय करते हे कधीच कळलं नव्हतं. "कॉम्प्युटरमध्ये असते," एवढं सांगून ते मोकळे व्हायचे.

मग धाकटीचं बाळंतपण आलं, आणि आलं ते फार लवकर. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. धाकटीला ती डोळे भरून बघताही आली नाही. तिच्यासमोरून नेऊन मुलीला थेट पेटीत ठेवलं. थोरली धावत दवाखान्यात पोहोचली, काचेला नाक लावून भाचीकडे बघितलं, आणि मग तिचं लक्ष पेटीच्या कडेला गेलं. तिथे तिच्याच कंपनीची खूण होती. आधी तिला अभिमान वाटला आणि लगेच धास्ती. त्या पेटीच्या आत काय काय ठिगळं लावलेली आहेत हे त्या सगळ्या दवाखान्यात तिला एकटीलाच माहीत होतं.

धाकटी वरच्या मजल्यावर. टाके चिघळले होते, ताप उतरत नव्हता, आणि तापाच्या माणसाला बाळांच्या खोलीत सोडत नाहीत. नवरा बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. त्याला बातमी पोहोचली होती पण तो पोहोचायला अवकाश होता. तेव्हा धाकटीला आधार काय तो फोनचा. कंपनीने पेटीत एक छोटा कॅमेरा बसवायला सुरुवात केली होती. आईबापांनी फोनवर बटण दाबलं की पेटीतलं बाळ दिसायचं. धाकटी बटण दाबायची, बघायची, रडायची, बंद करायची आणि डोळे पुसून पुन्हा दाबायची. थोरली कौतुकाने म्हणाली, ही सोय आमचीच बरं का. धाकटीने तिचा हात घट्ट धरला आणि तुमच्या लोकांचे उपकार कसे फेडू, असं म्हणाली. थोरलीला तेव्हा अगदी भरून आलं होतं.

बाळांच्या खोलीत ज्या सिस्टर होत्या त्यांना मात्र कंपनीचं काडीचं कौतुक नव्हतं. किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. थोरली या कंपनीतली आहे हे कळल्याबरोबर त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं. ही पेटी मधूनच अडकते, आकडे थिजतात, मग भोंगा वाजतो आणि हीटर बंद पडतो. आम्ही धावतो, बटण दाबून हीटर परत चालू करतो. आधी क्वचित व्हायचं, आता रोजचं झालंय, आणि अडकण्याचा वेळही वाढत चाललाय. तुमच्या कंपनीला पुन्हा पुन्हा कळवलं तर उत्तर काय, तर बंद करून चालू करा.

"आणि तुमच्याच पुस्तकात छापलंय, बाळ आत असताना पेटी बंद करू नका," सिस्टर म्हणाल्या. "मग बंद करायची कधी? इथे आल्यापासून ही पेटी एक दिवस रिकामी नाही. एक बाळ उचललं की पुसून दुसरं ठेवतो."

ही तक्रार थोरलीने कचेरीत ऐकली होती. लंबूने तसलीच पेटी घेतली होती, आंघोळ घातली होती, तपासली होती, आणि काही दोष सापडत नाही म्हणून तक्रार मिटवून टाकली होती. आणि आज त्या पेटीत तिच्या बहिणीची मुलगी होती, जिला अंगात ऊब धरून ठेवण्याइतकं मांसही चढलं नव्हतं. असल्या बाळाला गारवा म्हणजे खेळ नव्हे. बाळ दमतं, श्वास घ्यायला विसरतं. हे तिला बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगायची गरज पडली नाही, पण त्यांनी सांगितलंच.

हीटर बंद पडत होता त्याबद्दल खरं तर आभारच मानायला हवेत. हीटरवर एक वेगळा पहारेकरी बसवलेला असतो. मेंदूने दर थोड्या वेळाने त्याला "मी जागा आहे" असं कळवायचं. ते आलं नाही की पहारेकरी हीटर तोडतो आणि भोंगा वाजवतो, कारण गुंगीत असलेल्या मेंदूच्या भरवशावर हीटर चालू ठेवणं म्हणजे दूध गॅसवर ठेवून गावाला जाणं. हा पहारेकरी ज्याने कोणी पहिल्यांदा शोधून काढला त्याचं भलं होवो, असं थोरली मनात म्हणाली. पण मेंदू मुळात गुंगीत का जातोय, हे तिलाच शोधायला हवं होतं. दुसरं कोण शोधणार होतं?

तिने डॉक्टरीणबाईंची परवानगी काढली आणि पेटीच्या मागच्या बाजूला आपला लॅपटॉप जोडून स्टुलावर बसली. काही बदलायचं नाही, फक्त बघायचं, असं कबूल करून. पहिल्यांदा तिने बघितलं ते मोकळ्या मेमरीकडे, आणि ती चक्रावली. मेमरी हवी तितकी मोकळी होती. निम्म्याहून जास्त. तरीही पेटीचा मेंदू जागा शोधता शोधता घामाघूम होत होता.

मग तिने मोकळ्या जागेचा नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला. जागा होती, पण चिंध्या चिंध्यांची. नाटकाला गेलात आणि थिएटर अर्धं रिकामं असलं, तरी पाचसहा जणांच्या कुटुंबाला एका रांगेत शेजारी शेजारी खुर्च्या मिळतीलच असं नाही. इथे एक रिकामी, तिथे दोन, मध्ये कोणीतरी रुमाल टाकून बसलेलं. मग रखवालदाराने काय करायचं, तर बसलेल्यांना उठवून सरकवायचं, आणि हे उठा-सरका चालू असताना खेळ थांबतो. पेटीत हेच होत होतं. कोणीतरी मोठी सलग जागा मागत होतं आणि कर्नेल बिचारं ती करून देण्यासाठी सगळ्यांना उठवत बसलं होतं. कचेरीत हे कधी दिसलंच नव्हतं, कारण लंबू रोज सकाळी अख्खं थिएटर रिकामं करून द्यायचा.

पण एवढी मोठी जागा मागतंय कोण? थोरली पडद्यावर डोळे लावून बसली. दुपारची वेळ, खोलीत उन्हाचा एक पट्टा, सिस्टर एका बाळाला नळीने दूध देत होत्या. भाची पालथी निजली होती, पाठ केवढी तर बोटांवर मावेल एवढी. तेवढ्यात कॅमेऱ्याशेजारचा बारीक हिरवा दिवा लागला. आकडे थिजले. तापमान होतं तिथेच अडकलं, नाडीची रेघ अर्ध्यात थांबली. सिस्टरनी दुधाची नळी दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिली आणि भोंगा वाजायच्या आत त्या पेटीपाशी होत्या. भोंगा वाजला, त्यांनी बटण दाबलं, हीटर पुन्हा लागला. हात आत घालून बाळाच्या पायाला लावून बघितला आणि दुधाकडे परत गेल्या.

थोरलीने मान वर करून छताकडे बघितलं. तो हिरवा दिवा कोणी लावला होता हे तिला ठाऊक होतं. कॅमेरा उघडला की चित्रासाठी एक मोठा सलग तुकडा मागितला जात होता, आणि बंद केला की परत दिला जात होता. परत दिला की त्यात इकडचे तिकडचे बारीक लोक येऊन बसत, आणि पुढच्या वेळी पुन्हा उठा, पुन्हा सरका. वरच्या मजल्यावर धाकटी बटण दाबत होती, आणि खाली तिच्या लेकीची पेटी गारठत होती.

तिने कचेरीत फोन लावला. लंबूने सगळं ऐकून घेतलं आणि एरवीचा प्रश्न त्याने विचारला नाही. तो म्हणाला, "ताई, आपण पेटीत बाहुली ठेवतो. कॅमेरा उघडतो, बाहुली दिसली, बंद करतो, चाचणी झाली. बाहुलीकडे पुन्हा पुन्हा कोण बघतंय?"

एवढं शहाणपणाचं वाक्य त्या कचेरीत बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. कॅमेऱ्याची जागा मशीन चालू होतानाच एकदा घेऊन ठेवायची आणि परत द्यायचीच नाही, हा खरा इलाज. तो दोघांना लगेच सुचला. पण बाळांच्या यंत्रात नवं काही घालायचं म्हणजे तपासणीला बरेच दिवस लागणार, आणि लागायलाच हवेत. तोवर करण्यासारखं एकच होतं. कॅमेरा बंद करायचा आणि पेटीला, आयुष्यात पहिल्यांदाच, आंघोळ घालायची. कचेरीतल्या साहेबांनी ते मान्य केलं आणि डॉक्टरीणबाईंशी स्वतः बोलले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला विचार करू द्या, पण कॅमेरा आत्ताच्या आत्ता बंद करा.

म्हणजे धाकटीला सांगायला हवं होतं. थोरली जिना चढली तेव्हा तिला आपल्या पायांचा राग येत होता. धाकटी उशीला टेकून बसली होती, फोन मांडीवर, चेहरा उजळलेला. ताई, आत्ता तिने पाय हलवला, ती म्हणाली.

थोरलीने आडवळणं घेतली नाहीत. शेजारी बसून सगळं सांगितलं. धाकटी ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी तिने फोन उचलला आणि विषारी वस्तू असावी तसा लांब उशाच्या टेबलावर ठेवून दिला.

"मी बघितलं म्हणून तिला गार लागत होतं?"

"तू बघितलंस म्हणून नाही. आम्ही ते धड बनवलं नाही म्हणून."

"पण मी नसतं बघितलं तर..."

"तर आम्हाला कधी कळलंच नसतं," थोरली म्हणाली. "ऐक माझं. आमच्याकडची मोठमोठी डोकी त्या पेटीवर बसली होती आणि कोणाला दोष सापडला नाही, कारण आमच्यातल्या कोणालाच तिच्याकडे एवढ्यांदा बघावंसं वाटलं नव्हतं. तुला वाटलं. या पेट्या किती दवाखान्यांत आहेत, ठाऊक आहे का? त्या सगळ्या बाळांच्या वतीने तुझे आभार मानायला हवेत, आणि ते मी मानतेय. रडू नकोस."

अर्थात धाकटी रडलीच, आणि थोरलीलाही आवरेना. दोघी लहानपणी भांडून झाल्यावर रडायच्या तशा, एकमेकींच्या खांद्यावर नाक पुसत रडल्या. मग धाकटी म्हणाली की आता मी तिला बघू तरी कशी?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिलं. पेटी बंद करायची तर बाळाला तेवढा वेळ ठेवायचं कुठे, हा पेच होता. दुसरी पेटी रिकामी नव्हती, आणि जे उघडं गरम टेबल होतं त्यावर सकाळीच दुसरं बाळ आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा तक्ता चाळला. ताप उतरून पुरेसा वेळ झाला होता, टाके सुकत आले होते, आणि बाळाचा श्वासही आता बरा होता. तक्ता मिटून त्या म्हणाल्या, "आईला खाली आणा. बाळाला आईच्या छातीवर ठेवू. याहून चांगला हीटर कोणी बनवलेला नाही."

धाकटीला चाकाच्या खुर्चीतून आणलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. एवढंसं बाळ, माझ्या हातून काही झालं तर? सिस्टर म्हणाल्या, याला हात लागत नाहीत, अंग लागतं. तुम्ही फक्त मागे टेका. त्यांनी तिला आडव्या खुर्चीत बसवलं, अंगावरचे कपडे बाजूला केले, पेटीची खिडकी उघडली आणि ते बाळ, टोपीसकट, तारांसकट, तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. वरून दुलई घातली. बाळाने एकदा तोंड वाकडं केलं, गाल घासला आणि स्वस्थ झालं. धाकटीने श्वास रोखून धरला होता. सिस्टरनी सांगितलं तेव्हा कुठे सोडला.

थोरलीने पेटी बंद केली. पडदा काळा झाला. तिने मनात हिशेब केला होता तो कचेरीतल्या मशीनचा, जे चहा संपेपर्यंत उठून बसायचं. ही पेटी मात्र आल्यापासून कधी निजलीच नव्हती. चालू झाल्यावर ती आपलं अख्खं पोट तपासत बसली. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती आणि पुढची उमटेपर्यंत थोरलीचा जीव टांगणीला लागत होता. आता ही उठलीच नाही तर? बाळाला कुठे ठेवायचं? संध्याकाळपर्यंत काय करायचं? तिने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर दुलईखाली हात घालून बाळाचं तापमान बघत होत्या.

"किती आहे?" थोरलीने विचारलं.

"पेटीत होतं त्याहून थोडं चांगलं," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली धार पहिल्यांदाच गेली होती. "तुमचं चालू द्या सावकाश. इथे काही घाई नाही."

थोरलीच्या जिवात जीव आला. ती स्टुलावर बसली आणि तिला त्या खोलीतल्या प्रत्येकाचे पाय धरावेसे वाटले. या किडकिडीत बाईचे, जिने भोंगा वाजायच्या आत धावत येऊन इतके दिवस हे बाळ उबेत ठेवलं. डॉक्टरीणबाईंचे. लंबूचेसुद्धा, जो काल घरी न जाता नव्या चाचण्या मांडत बसला होता. आणि धाकटीचे तर नक्कीच, जी आता डोळे मिटून पडली होती आणि जिच्या गळ्याशी एक बोटभर मूठ घट्ट धरून राहिली होती.

ओळी संपल्या. पडदा उजळला, आकडे आले, हीटर लागला. थोरलीने नकाशा उघडून बघितला. मोकळी जागा एका बाजूला सलग, स्वच्छ, अगदी पहिल्या दिवशी असावी तशी. आत ऊब भरेपर्यंत तिने वाट पाहिली, सगळं पुन्हा एकदा तपासलं आणि पेटी तयार आहे असं सांगायला ती वळली.

धाकटीने डोळे उघडले होते. ती पेटीकडे बघत नव्हती, थोरलीकडे बघत होती.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, बाळाला हिसका बसू नये म्हणून, "अजून झालं नाही म्हण ना."

यंत्राच्या बाबतीत थोरली कधी खोटं बोलली नव्हती. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "सिस्टर, अजून थोडी तपासणी बाकी आहे."

सिस्टरनी चष्मा वर सरकवला आणि पेटीच्या पडद्यावरचे सगळे आकडे वरपासून खालपर्यंत नीट वाचले. मग धाकटीच्या अंगावरची दुलई थोडी वर ओढली, "बरं, होऊ दे तपासणी," असं म्हणाल्या आणि पलीकडच्या बाळाचं दूध बघायला गेल्या.